ट्रेलरवरून पडणे हा केवळ नशिबाचा भाग नव्हे

मा. संपादक,

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतील गोदामांत ट्रेलरवरून माणूस पडला की ‘पाय घसरला’ म्हणून विषय संपतो. ट्रेलरचा तळ जमिनीपासून साधारण ४ फूट उंच असतो. पाठमोरा माणूस तिथून डोक्यावर पडला तर जीवही जातो.

सर्वांत घातक असते ती फलाट (माल चढवण्या-उतरवण्याचा ओटा) आणि ट्रेलर यांमधली फट. माल उचलणारी फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरून ब्रेक मारते, त्या प्रत्येक हिसक्याने ट्रेलर थोडा थोडा पुढे सरकतो. शेवटी मधली लोखंडी प्लेट निसटते आणि फोर्कलिफ्ट चालकासकट खाली जाते. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि माल उतरेपर्यंत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची किल्ली गोदामातच ठेवावी. इंजिन सोडवून नेलेल्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली टेकू हवाच, नाहीतर वजन पुढे गेले की तो नाकावर आपटतो.

उतरताना तोंड गाडीकडे असावे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले. हातात बोजा घेऊन उडी मारू नये. पावसाळ्यात चिखलाचे बूट आणि ओली ताडपत्री एकत्र आली तर पकड राहतच नाही. ताडपत्री शिडीवरून किंवा जमिनीवरून दोरीने ओढावी. हमाल तर अनेकदा चपलेवरच चढतात, त्यांना बूट मालकानेच द्यायला हवेत.

कामावर इजा झाल्यास कायद्याने भरपाई मागता येते. हे सांगणारा फलक प्रत्येक फलाटावर मराठी, कन्नड आणि हिंदीत लावावा, ही कारखाने निरीक्षकांना विनंती.

— गोदाम सुरक्षा कर्मचारी, बेळगाव