आधी माहिती, मग मशीन: सांगलीच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या दादांना जाहीर आभारपत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. सांगलीच्या त्या छोट्या गाळ्यात तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते लॅपटॉप दुरुस्तीच्या फार पुढचं होतं, आणि ते आमच्या घरापुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

तो लॅपटॉप विकायला काढला असता तर कुणी हातही लावला नसता. पण आमच्या द्राक्षबागेची अख्खी वही त्यात होती. कुठल्या प्लॉटची खरड छाटणी एप्रिलमध्ये कधी झाली, फळछाटणी ऑक्टोबरात कधी, पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघताना, पाऊस लागला का, घड किती जिरले, जीए या संजीवकात घड बुडवायचं डिपिंग कितव्या दिवशी, डावणी या बुरशीच्या रोगाला कुठलं औषध किती प्रमाणात आणि काढणीआधीची शेवटची फवारणी कोणती. थॉमसन जातीची शीट वेगळी, सुपर सोनाका जातीची वेगळी. युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी लागते, रेसिड्यूची म्हणजे द्राक्षांत उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी होते आणि फवारणीच्या नोंदी चोख असाव्या लागतात. तेव्हा ती वही म्हणजे आमच्या मालाचा जन्मदाखलाच. शिवाय गेल्या कितीतरी हंगामांचं शहाणपण त्यात साठलेलं. यंदा छाटणी आठ दिवस मागे घ्यावी की नाही, हे आम्ही त्या जुन्या तारखा बघूनच ठरवतो.

नेमका छाटणीच्या धामधुमीत तो बिघडला. आधी नुसता हळू झाला, मग आतून बारीक टक्-टक् यायला लागली, मग निळा स्क्रीन, आणि एके सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे सुरू व्हायला लागणारी डिस्कच त्याला सापडेना. जवळच्या एका दुकानात नेला तर त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, “फॉरमॅट मारायला लागेल. विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” आतल्या डेटाचं काय, विचारलं तर म्हणाले, “तो जाणारच.”

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही मशीनबद्दल काहीच विचारलं नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, “ताई, आत काय काय आहे? आणि त्यातलं दुसरीकडे कुठे आहे?” आमचे हे फवारणीच्या नोंदींचं सांगायला लागले, तसं तुम्ही कागद ओढून लिहून घेतलंत: आधी काय वाचवायचं, नंतर काय, आणि काय गेलं तरी चालेल. मग म्हणालात, “आता याला अजिबात चालू करायचं नाही. आवाज करणारी डिस्क जितक्या वेळा फिरेल तितकी आणखी बिघडेल.” त्याक्षणी माझा जीव भांड्यात पडला. आमच्या वहीची किंमत कळणारा माणूस भेटला होता.

त्या दिवशी तुम्ही जे जे केलंत, ते समजावून सांगत केलंत. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून हेड सरकतं, त्याला वाचायची जागा सापडेनाशी झाली की ते परत परत मागे जातं, तीच ती टक्-टक्. फॉरमॅट मारून त्याच डिस्कवर नवीन विंडोज टाकलं असतं तर जुन्या माहितीच्या जागेवरच नवीन माहिती लिहिली गेली असती. विंडोजचं डिस्क तपासायचं ‘चेकडिस्क’सुद्धा तुम्ही लावू दिलं नाहीत. ते फाईलींची मांडणी ठीक करतं, डिस्क ठीक करत नाही, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला उलट दमवतं. आधी प्रत काढायची, मग काय ते प्रयोग प्रतीवर करायचे.

मागचे स्क्रू काढून तुम्ही डिस्क बाहेर काढलीत, यूएसबी अडॅप्टरला लावलीत आणि स्वतःच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम सुरू केलात. काळ्या पडद्यावर आकडे पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: हा आकडा म्हणजे वाचवलेलं, हा म्हणजे खराब भाग. हा प्रोग्राम आधी जे सहज निघतं ते उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि सगळं झाल्यावर त्या अडलेल्या जागांकडे परत वळतो. कुठवर काम झालं याची तो एका मॅप फाईलमध्ये नोंद ठेवतो. मध्येच वीज गेली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वीज आल्यावर तुम्ही तीच कमांड पुन्हा दिलीत आणि काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सरकलं.

बागेच्या सगळ्या शीट आल्या. दिराच्या लग्नातल्या काही फोटोंच्या खालच्या अर्ध्या भागावर करडा पट्टा आला आणि एक-दोन व्हिडिओ चाललेच नाहीत. तुम्ही ते लपवलं नाहीत. काय आलं नाही, त्याची यादी आमच्या हातात ठेवलीत. पैसे घ्यायच्या आधी ती यादी वाचायला लावलीत, याचं मला आजही विशेष वाटतं.

तात्यांच्या टिपणांचं तर तुम्हाला वेगळंच देणं लागते. माझ्या सासऱ्यांनी पूर्वी टायपिंगवाल्याकडून बागेचे अनुभव टाईप करून घेतले होते, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये. फाईली धड होत्या, पण नव्या विंडोजवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. आम्हाला वाटलं, गेल्या. तुम्ही वाचवलेल्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधून जुने फॉन्ट शोधून काढलेत, ते बसवलेत, आणि तात्यांची मराठी जशीच्या तशी पडद्यावर आली. मग म्हणालात, “फाईलीबरोबर फॉन्टही जपा. आणि सवड काढून हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करून घ्या, म्हणजे पुढच्या पिढीला फॉन्ट शोधत बसायला नको.” मराठीत काम करणाऱ्या घराघरांत अशा फाईली पडून आहेत. नुसती फाईल कॉपी करून ठेवलेल्या कित्येकांना हे माहीत नसेल, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. आमचं निम्मं रूपांतर झालंय. जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात, त्याला वेळ लागतो.

लॅपटॉपमध्ये तुम्ही जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवून दिलीत आणि तो पळायला लागला. बहुतेक दुरुस्तीवाले इथे थांबले असते. तुम्ही उलट बजावलंत की एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे टक्-टक् करून सांगणारंही काही नसतं. गेली तर एकदम जाते. डिलीट झालेलं परत काढणंही तिच्यात अवघड, कारण मोकळी झालेली जागा ती आपली आपण साफ करत राहते. म्हणून आता बॅकअप जास्तच हवा.

मग बॅकअपचा ३-२-१ चा हिशेब सांगितलात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम लोकांपर्यंत पोचवला, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण ‘एक घराबाहेर’ का, हे तुम्ही सांगलीकराच्या तोंडून सांगितलंत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले कॉम्प्युटर घेऊन तुमच्याकडे आले, आणि कित्येकांचा बॅकअप त्याच टेबलाच्या खणात, त्याच पाण्यात होता. भिजलेली डिस्क सुकली असं वाटून लोकांनी घरीच चालू केली आणि उरलंसुरलंही घालवलं. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. आमचं गाव पुराच्या पाण्यापासून लांब आहे, पण वळवाची वीज आहे, चोरी आहे, शेतातल्या घराचं पत्र्याचं छप्पर आहे. आता एक प्रत घरच्या एक्स्टर्नल डिस्कवर, आणि दुसरी डिस्क मिरजेला नणंदेच्या कपाटात असते. हंगाम संपला की दोन्हींची अदलाबदल होते.

गूगल ड्राइव्हवर सगळं आहे की, असं हे म्हणाले होते. तुम्ही तिथल्या तिथे त्यांच्या फोनवरून एक फाईल डिलीट करायला लावलीत आणि ती लॅपटॉपवरूनही कशी गायब झाली ते दाखवलंत. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग कायमचं जातं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे यांना तेव्हा पटलं. एक्स्टर्नल डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कायम जोडून ठेवायची नाही, हेही त्याच दिवशी कळलं. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते.

सगळ्यात मोलाचं पुढे होतं. तुम्ही फाईल हिस्टरी ही विंडोजमधली बॅकअपची सोय चालू करून दिलीत, एक प्रत होऊ दिलीत आणि मला म्हणालात, “आता थॉमसनची शीट डिलीट करा.” माझा हातच उठेना. तुम्ही थांबलात. मी डिलीट केली, रिसायकल बिनमधूनही काढली. मग म्हणालात, “आणा परत.” फोल्डरवर राइट क्लिक, ‘रिस्टोअर प्रिव्हियस व्हर्जन्स’, तारीख निवडली, आणि शीट उघडली. शेवटच्या फवारणीची ओळ जागेवर होती. “परत आणून बघितला नाही तोवर तो बॅकअप नाही,” तुम्ही म्हणालात. तेव्हापासून अधूनमधून मी एखादी फाईल अशी परत आणून बघते, मुलालाही करायला लावते.

त्यानंतर फोनवर तुम्ही किती अडचणी सोडवल्यात! लॅपटॉप अगदी मेल्यासारखा झाला होता, दिवासुद्धा लागेना, तेव्हा चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला सांगितलंत, आणि तो उठला. शट डाऊन करूनही अडचण तशीच राहते तेव्हा रीस्टार्ट का करायचं, ते सांगितलंत: फास्ट स्टार्टअपमुळे शट डाऊनमध्ये विंडोजचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. पंखा घोंघावायला लागला तेव्हा गादीवर ठेवून काम करता का, विचारलंत. तसंच होतं, खालची हवेची जाळी झाकली जात होती. जावेच्या लॅपटॉपचं टचपॅड वर उचललेलं आहे एवढं ऐकून तुम्ही तिला चार्जिंग ताबडतोब थांबवायला लावलंत. बॅटरी फुगली होती. आणि मुलाच्या नव्या लॅपटॉपची ती ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे विंडोजने कुलूपबंद केलेली डिस्क उघडायची किल्ली, तुम्ही आधीच कागदावर उतरवून घ्यायला लावली होती. बायोस या लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावर तीच की मागितली गेली, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचा अभ्यास वाचला.

डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम बघायलाही तुम्हीच शिकवलंत. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं की त्याच दिवशी प्रत काढायची. पानावर डावणीचा पहिला तेलकट डाग दिसला की आम्ही जसे उद्यावर ढकलत नाही, तसंच. गेल्या महिन्यात शेजारच्या बागायतदारांच्या कॉम्प्युटरवर मी तो पिवळा रंग बघितला आणि त्यांच्या नोंदी लगेच दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. त्यांनी माझे आभार मानले. ते खरे तुमचे आहेत, म्हणून तुमच्याकडे पोचवते.

दादा, तुम्ही पावतीवर फक्त एसएसडीचे आणि मजुरीचे पैसे लावलेत. तो अख्खा दिवस तुम्ही आम्हाला जे शिकवलंत त्याचे पैसे घेतले नाहीत, विचारल्यावर हसून विषय बदललात. फेब्रुवारीत सुपर सोनाकाची काढणी आहे. तुम्ही घरच्यांना घेऊन बागेत या, तात्याही तुमची वाट बघतायत. त्यांच्या ट्रंकेत जुन्या सीडी सापडल्या आहेत, काही वाचल्या जातात, काहींवर बुरशीचे ठिपके आहेत. त्या मी पुसलेल्या नाहीत की परत परत लावूनही बघितलेल्या नाहीत. पुढच्या खेपेला सांगलीला येताना घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या घरची सून