तुझ्या दुधाच्या दाढा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसलीस, "अगं, आत्ता कुठे पाचवा लागलाय आणि तू दातांचं काय घेऊन बसलीस?" मला बोलताना नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितेय.

दात दिसतात बाळ सहा-सात महिन्यांचं झाल्यावर, पण घडतात पोटात. दुसऱ्या महिन्यातच त्यांचे अंकुर धरतात आणि चौथ्याच्या सुमाराला पुढच्या दातांत खनिजं भरायला लागतात. म्हणजे तुझ्याकडे हे काम सुरूही झालंय. जन्मतः हिरड्यांच्या आत वीसही दुधाचे दात कमी-अधिक घडलेले असतात.

कॅल्शिअमच्या गोळ्या घेतेसच, माहीत आहे. पण ते आतड्यातून रक्तात पुरेसं उतरायला व्हिटॅमिन डी लागतं, आणि बाळाला ते वारेतून तुझ्याकडून मिळेल तेवढंच. तुझ्यातच कमी असेल तर त्याच्या वाट्याला काय येणार? खिडकीतलं ऊन मोजू नकोस हं. ज्या किरणांनी त्वचेत डी तयार होतं, त्या काचेपलीकडेच अडतात.

मोडलेलं हाड सांधतं, एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. घडताना राहिलेला खड्डा मग तसाच राहतो, आणि कीड तिथे आधी शिरते. तुझ्या दाढांवर ते पिवळट खड्डे होते, आठवतात? मी सगळं खापर गोळ्या-चॉकलेटांवर फोडलं, केवढी रागावायचे तुला! खरं तर दाढा आल्या त्याच तशा. मी पाहिलं होतं, तरीही. आता कारण कुणी सांगू शकणार नाही. ताप, आजारपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांनीही एनॅमल बिघडतं. पण तुझ्या वेळी माझं डी कुणी तपासलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

डेन्मार्कमधला एक प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. सगळ्या गर्भवतींना रोज 400 आययू (डी मोजायचं एकक) डी होतंच. त्यातल्या काहींना 24व्या आठवड्यापासून वर आणखी 2400 दिलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दात पाहिले, तर जादा डी घेतलेल्यांच्या मुलांत कायमच्या दातांवर एनॅमलचे दोष 15 टक्क्यांना होते, बाकीच्यांत 27. दुधाच्या दातांतही असाच फरक दिसला. दात किडण्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे पुढे ब्रशवरून होणारी भांडणं काही तुला चुकत नाहीत!

हे वाचून दुकानातून मोठ्या डोसची गोळी आणू नकोस. डी शरीरात साठतं, अती झालं तर रक्तातलं कॅल्शिअम वाढून भलताच त्रास होतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच विचार, "माझं डी बघायचं का?" डोस त्या ठरवतील. आणि बाळ झाल्यावर त्याच्या थेंबांचंही विचार, अंगावरच्या दुधात डी फार कमी असतं.

तुझी एक दुधाची दाढ मी डबीत जपून ठेवलीय. अशा दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एनॅमलमध्ये एक बारीक रेघ दिसते म्हणे, जन्माच्या वेळची. रेघेच्या आतलं पोटात असताना झालेलं, बाहेरचं नंतरचं. काप मी काही करू देणार नाही, पण येशील तेव्हा डबी काढून ठेवते.

तुझी,
आई