सातपुड्याच्या दऱ्या आणि बिनतारी संशोधन

महोदय,

पुण्यात १९३५ साली जन्मलेले आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर असलेले प्रा. थॉमस कैलाथ १९६३ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत आले. नौदलातून संशोधनाकडे वळलेले आरोग्यस्वामी पॉलराज आणि कैलाथ यांनी अनेक अँटेनांद्वारे एकाच वारंवारतेवर माहितीचे स्वतंत्र प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९९२ मध्ये अर्ज केला. आजचे ४जी, ५जी आणि वाय-फाय याच ‘मायमो’ तत्त्वाचा आधार घेतात. डोंगर-इमारतींवर आदळून परावर्तित झालेल्या रेडिओ लहरींचा त्यात अडथळा न होता उपयोगच होतो, ही मला त्यातील सर्वांत विलक्षण बाब वाटते. म्हणूनच सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात या लहरींचा प्रसार प्रत्यक्ष मोजण्याचे प्रकल्प खान्देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना अवश्य द्यावेत.

– एक वाचक, शहादा