डब्यात माणसं बसवून देणाऱ्या काकांना

काका नमस्कार,
तुम्ही समोर आभार मानू देत नाही, "चहा घे आणि नीघ" म्हणता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांना सांगतो, माझे बाबा डेक्कन क्वीनचे जुने पासवाले, नोकरीभर पुणे-मुंबई अपडाऊन, आणि आता अर्धांगवायूनंतर पलंगावर. त्यांच्यासाठी मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, पासवाल्यांचा डबा केला, २०२२ ला गाडीला नवे एलएचबी डबे लागले त्याच्या आधीचा. आत एलईडी लावले आणि तिथेच पंचाईत झाली, लाईट लागला की रिकाम्या सीटाच डोळ्यात भरायच्या. पासवाल्यांचा डबा आणि रिकामा? बाबांनी आधी विचारलं असतं, आज संप आहे का.

बसलेली माणसं मागितली तर एका दुकानदाराने ओओची, म्हणजे १:७६ ची, गळ्यात मारली, वर "एकच असतं हो ते". कसलं एकच, साडेपाच फुटी माणूस एचओत १९ मिलिमीटर आणि ओओत २२, डोकं पार खिडकीच्या वर. या हॉबीतल्या एका जाणकारांना विचारलं तर म्हणे आपलं ब्रॉडगेज तुम्ही १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चालवता, स्केल तिथेच गेलं, माणसांचं काय घेऊन बसलात. साहेब, ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर भागिले ८७ आम्हालाही येतं, १९ च्या वर जातं, पण मी ते विचारलंच नव्हतं ना.

आणि मग तुम्ही. ना ओळख ना पाळख, आपल्या खोक्यातली न रंगवलेली जर्मन माणसं काढून समोर ठेवलीत, त्यांच्या हॅटा तासून टाकल्यात, कोटांचे पांढरे शर्ट केलेत. मी सुपरग्लू काढला तर हात धरलात, त्याच्या वाफेने काचा पांढुरक्या होतात, साधा फेव्हिकॉल लाव म्हणून. मॉडेलच्या फ्लोअरखाली वजनाची पट्टी, त्यामुळे फ्लोअर वर आलेला आणि पायांना जागाच नाही, म्हणून तुम्ही एकेकाचे पाय गुडघ्याखाली कटरने उडवत होतात, खिडकीखालचं कोण बघतंय म्हणत. खिडकीजवळच्या चष्मेवाल्यावर आलात, हे बाबा ना, एवढंच विचारलंत, आणि कटर खाली ठेवून कानस घेतलीत. त्या एका माणसासाठी सीट घासलीत, खालचा फ्लोअर कोरलात, किती वेळ गेला त्यात. "ह्यांचे नको कापायला." बस, इतकंच बोललात.

बाबा चालत नाहीत हे मी तुम्हाला बोलता बोलता एकदाच सांगितलं होतं हो काका. बाहेरून ते पाय कोणालाच दिसत नाहीत. मला माहितीयेत, तुम्हाला माहितीयेत, आणि मी अजून हे कोणाला सांगायला लागलो की घसा दाटतो. इकडे लोक साध्या प्रश्नाला आधी आपली लायकी काढतात, मग उत्तर देतात, तेही अर्धंच. तुमच्यासारखी माणसं ज्ञान पाजळत नाहीत, मुकाट्याने कानस घेतात.

बाबांना अजून पायांचं सांगितलेलं नाही, जमलं नाही. त्यांची तक्रार मात्र आहे, समोरचा गडी फार गोरा दिसतो, आमच्या डब्यात असा कोणी नव्हता. ब्राऊन रंग घेऊन रविवारी येतो, मिसळ मी आणणार, नाही म्हणायचं नाही.