सड्यावरच्या चित्रांचं थ्रीडी कधी करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात भाचा आलेला पुण्याहून, त्याने आमच्या सड्यावरच्या (म्हणजे जांभ्या खडकाच्या माळावरच्या) कातळशिल्पाचे मोबाईलवर दीडेकशे फोटो काढले आणि रात्री लॅपटॉपवर त्याचं थ्रीडी गरागरा फिरवून दाखवलं, मी बघतच राहिलो. म्हणे एकच खूण चार फोटोंत ओळखायची न् कोनांवरनं तिची जागा काढायची, याला फोटोग्रामेट्री म्हणतात. २०२० ला नर्फ ही थ्रीडीची नवी पद्धत आली, त्यात न्यूरल नेटवर्क (फोटोंवरनं शिकणारा प्रोग्राम) जागोजागचा रंग शिकतं, पण चित्र उमटायला फार वेळ. २०२३ ला गॉसियन स्प्लॅटिंग, म्हणजे लाखो रंगीत धुरकट ठिपके, लगेच फिरतं. दिसायला झकास! पण कोरलेला चर किती खोल ते मोजायचं तर जुनी फोटोग्रामेट्रीच बरी, आणि शेजारी मोजपट्टी ठेवायला हवी, नायतर नुसत्या फोटोंवरनं खरं माप कळत नाही (भाचा नेमका तेच विसरला).

कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. जांभा झिजतोय, वर गाड्या फिरतात. पुरातत्त्व खात्याने गावातल्या कॉलेजच्या पोरांना कामाला लावावं, पावसाआधी, कारण नंतर गवत माजतं. कशेळीच्या कातळावर कोरलेल्या हत्तीपासनं सुरुवात करा.

– एक वाचक, ता. राजापूर