लॉस बान्योसहून आई-बाबांस: कमी मिठाच्या जेवणाविषयी

लॉस बान्योस, लागुना प्रांत, फिलिपिन्स
२४ मे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी बाबांचे मीठ निम्म्यावर आणले आणि तेव्हापासून ते अर्ध्या जेवणावरून उठतात, हे आईने सांगितल्यापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. फोनवर हे नीट बोलणे होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना सारी आळी नानाय म्हणते, त्यांच्या स्वयंपाकघरात मी जे रोज पाहते, त्यातले बरेचसे आपल्या घरी उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

नानाय सत्तरीच्या आहेत आणि खाणे हा त्यांचा खराखुरा ध्यास आहे. सकाळी लसणीवर परतलेला शिळा भात आणि तळलेली सुकी मासळी, दुपारी रस्सा-भात, चार वाजता केळीच्या पानात बांधून उकडलेला चिकट तांदळाचा सुमान, असा त्यांचा दिवस जातो. सुट्टीच्या दिवशी त्या मला जीपनीत, म्हणजे इथल्या लांबट जीपसारख्या प्रवासी गाडीत, बसवून कुठे ना कुठे खायला नेतात. कधी इथल्याच प्रांतातल्या सांता क्रूझ गावी म्हशीच्या दुधाचे, केळीच्या पानात गुंडाळलेले ताजे पांढरे चीज घ्यायला, तर कधी रस्त्याकडेच्या साध्या खाणावळीत, जिथे पातेली समोर मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवून हवे ते मागायचे असते.

मला मोलाची वाटली ती त्यांची जेवणाची रीत. आपल्याकडे चव पुरी करणे हे रांधणारीचे काम, आणि वाढलेल्या ताटात कोणी वरून काही घेतले तर तिला वाईट वाटते. इथे रांधणारी मुद्दाम एक पायरी अलीकडे थांबते. मेजावर शिरका, ठेचलेली लसूण, बारीक तिखट मिरच्या, सोया सॉस, माशांचे खारवलेले पाणी आणि कालामान्सी नावाची सुपारीएवढी लिंबे ठेवलेली असतात. ज्याने त्याने आपल्या वाटीत हवे ते कालवायचे आणि प्रत्येक घासाला लावायचे. या कालवणीला सावसावन म्हणतात. एकाच घरात नातवाला खारट लागते, नानायना आंबट लागते, आणि तरी चुलीवर भांडे एकच चढते. आई, तू हल्ली बाबांसाठी वेगळी आमटी करतेस, आणि ताटात ती वेगळी दिसते म्हणूनच त्यांचे मन जेवणावरून उडते, असे मला वाटते. सगळ्यांचेच कमी मिठाचे करावे आणि ज्याला हवे त्याने वरून घ्यावे.

आंबट पुरेसे असले की मिठाची उणीव पुष्कळ भरून निघते, हे मला इथल्या सिनिगांगने पटवले. हा आंबट पातळ रस्सा मासे, कोळंबी किंवा डुकराचे मांस घालून करतात आणि आंबटपणासाठी कोवळी चिंच, कैरी, पेरू किंवा आपल्या परसात आहेत तीच बिंबले वापरतात. नानाय तांदळाचे पहिले धुवण टाकून देतात आणि दुसरे, दुधाळ, पातेल्यात घेतात. त्यात कांदा, टोमॅटो आणि अळकुड्या घालून अळकुड्या इतक्या मऊ शिजवतात की त्यांच्यानेच रस्सा दाट होतो. मग मुळा, चवळीच्या शेंगा, वांगे, शेवटी कोळंबी आणि नाळीची भाजी. कैरी वेगळी उकडून, कुस्करून, गाळून तो रस सर्वांत शेवटी घालतात आणि चमच्याने चाखत चाखत थांबतात. फोडणी नाही, मसाला नाही. पहिल्या घोटाला कानशिले आवळली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. सध्या आपल्याकडे कैऱ्या मुबलक आहेत, तेव्हा बाबांसाठी कैरीचेच करावे. माशांचे खारे पाणी मात्र पूर्ण वगळावे. इथले लोक ते सर्रास घालतात, पण त्यात मीठ फार असते.

शिरक्यासाठी गोव्याहून माडाचा शिरका मागवावा. इथलाही उत्तम शिरका माडाची माडी आंबवूनच होतो, आणि बाटलीतल्या कारखानी शिरक्याला ती गोडसर धार नसते. त्यात लसूण आणि दोन हिरव्या मिरच्या ठेचून ठेवाव्यात. भाजलेल्या बांगड्याला तो लावून पाहा, बाबा. मीठ आठवणार नाही असे मी म्हणत नाही, पण पहिल्या घासाला हात थांबणारही नाही.

मागच्या आठवड्यात, १५ तारखेला, नानाय मला लुकबान गावच्या पाहियास सणाला घेऊन गेल्या. शेतकऱ्यांचे संत इसिद्रो यांचा तो दिवस. त्या दिवशी घरांच्या दर्शनी भिंती भाताच्या ओंब्यांनी, भाज्यांनी आणि किपिंग नावाच्या रंगीत पानांनी झाकलेल्या असतात. हे किपिंग आई, तुझ्या फेण्यांचेच भावंड आहे! तांदळाचे रंगवलेले पीठ झाडाच्या खऱ्या पानावर पातळ पसरतात, वाफवतात, सोलून काढतात आणि दडपून वाळवतात, त्यामुळे पानाची शीर अन् शीर त्यावर उमटते. उन्हात धरले की आरपार दिसते. मी कितीतरी वेळ एका दारापुढे उभी होते. तिथेच केळीच्या पानावर शेवया घेतल्या, वर शिरका शिंपडला आणि पान तोंडाशी नेऊन, काटा-चमचा न घेता खाल्ल्या. त्यांची खायची पद्धतच तशी आहे.

तू पानांवर फेण्या उकडायचीस हे मी नानायना सांगितले, तेव्हापासून त्या रोज विचारत आहेत. तरी तांदूळ किती दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे का, पीठ किती आंबू द्यायचे आणि कोणती पाने चांगली, हे तुझ्याच शब्दांत लिहून पाठव. मी त्यांना समजावून सांगेन. बाबांनीही सिनिगांग कसे लागले ते स्वतः लिहावे, आणि आवडले नाही तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे मी नानायना विचारून दुसरे काही सुचवेन. रक्तदाबाचे आकडे प्रत्येक पत्रात कळवावेत.

तुमची,
मुलगी