रजिस्टर की पाणी

१७ नोव्हेंबर २०२५, रात्री साडेअकरा

प्रिय मास्तर,

दीड वर्ष पत्र नाही, म्हणून शिव्या घालून घे आधी. काकू गेल्या तेव्हाही मी नुसता फोन केला, आलो नाही. त्याला कारण नव्हतं. उगाच काहीतरी सांगण्यात अर्थ नाही. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा पाऊस सांगतो. तुझी वहिनी बरी आहे.

भाचा उद्या पहाटेच्या एसटीने तुमच्याकडे येतोय, त्याच्या हातात हे देतो. व्हॉट्सॲपवर लिहिण्यासारखं नाही. फोन केला असता, पण हल्ली आमच्या ओसरीवर सदा आठ-दहा माणसं असतात आणि त्यांच्यासमोर मला तुझ्याशी खरं बोलता येत नाही. कारण तुझ्या कानावर आलंच असेल. शुक्रवारी मी नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला. अपक्ष.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

ऑक्टोबरात मुंबईला आरक्षणाची सोडत निघाली, आमचं पद सर्वसाधारण निघालं. महिला निघालं असतं तर वहिनी उभी राहिली असती आणि मी मागून फाइली धरल्या असत्या. ती म्हणते, गावाचं भलं झालं असतं. शपथपत्रात सगळं लिहून दिलं: गुन्हा नाही, अपत्यं दोनच, घरात शौचालय आहे. मास्तर, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, त्यात कितीदा उघड्यावर बसलो ते कुणी विचारलं नाही आणि आता संडासाचा दाखला! व्यवसायाच्या रकान्यात पोरं म्हणाली ‘माजी सैनिक’ लिहा, वजन पडतं. मी ‘निवृत्तिवेतनधारक’ लिहिलं.

पोरांनी फ्लेक्सही करून आणला होता. बेस कॅम्पवरचा आपला फोटो, पांढऱ्या कोटातला. त्यातून तुला कापलं होतं. पण कापणाऱ्याला नीट जमलं नव्हतं, माझ्या खांद्यावर तुझा हात तेवढा उरला होता. चार बोटं, ग्लोव्हमधली. बाकीच्यांना वाटलं, कोटाचाच भाग आहे. मी तो लावू दिला नाही. २०१९ साली निवडणूक आयोगाने जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका म्हणून सगळ्या पक्षांना बजावलं होतं, ते मी पोरांना ऐकवलं. पण खरं कारण ते नव्हतं. वर्दीवर मत मागायची लाज वाटली. आणि तो हात. फ्लेक्स आता माळ्यावर आहे, उलटा.

तू विचारशील, मुनीम, तुला हे सुचलं कुठून? सगळ्यांना सांगतो ते उत्तर असं. २०१८ ला पेन्शनीत आलो, दोन वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो, मग तेही सोडलं. २०२२ पासून आमच्या नगरपरिषदेवर प्रशासक. आरक्षणाचा खटला कोर्टात, निवडणूक नाही, नगरसेवक नाहीत, विचारायचं कुणाला? पाणी पाचव्या दिवशी, उन्हाळ्यात आठव्या. टँकर लागले. मी माहितीच्या अधिकारात टँकरचं लॉगबुक मागितलं. तीन महिने फिरवलं, शेवटी दिलं. घरी आणून तसाच बसलो जसा तिकडे पोस्टवर बसायचो, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. एका टँकरच्या एका दिवसात एकोणीस खेपा. भरायला पंचवीस मिनिटं, जाऊन रिकामा करून यायला किमान पस्तीस. म्हणजे एकोणीस तास. ड्रायव्हर एकच. सही रोज एकाच पेनाची, एकाच कलाची. माणूस एकोणीस तास टँकर चालवतो आणि अक्षर हलत नाही. असा जवान मला सबंध नोकरीत मिळाला नाही.

तो कागद मी चौकातल्या फळ्यावर चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून लोक ‘सुभेदारसाहेब’ म्हणायला लागले. बँकेच्या दारात दोन वर्षं ‘ओ वॉचमन, गाडी बघा जरा’ ऐकलेला माणूस मी. ते ‘साहेब’ कानाला काय लागलं म्हणून सांगू! कढत चहासारखं खाली उतरत गेलं. मग कुणी म्हणालं, तुम्हीच उभे राहा. हे नगराध्यक्षाच्या थेट निवडीचं प्रकरण आपल्या पोस्टिंग ऑर्डरसारखं आहे: २०१६ ला आणलं, २०२० ला रद्द, २०२२ ला परत. यंदा एका मतदाराला तीन बटणं, दोन नगरसेवकांची आणि एक अध्यक्षाचं. एक पक्षवाला घरी येऊन गेला. म्हणाला, तिसरं बटण तुमचं, पहिली दोन आमची, खर्च आमचा. मी चहा पाजून पाठवला. निवडून आलो तरी सभागृहात माझा एकही माणूस नसणार, कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हातात, मी नुसता सभेत घंटा वाजवणार, हे मला कळतं. तरी भरला अर्ज.

आता काल पहाटेचं. हे लिहायलाच बसलोय आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिलो.

पाणी साडेचारला आलं. पाणी सोडणारा वॉलमन, मी आणि सात-आठ पोरं बॅटऱ्या घेऊन निघालो. खालच्या आळीत घरोघरी नळाला मोटरी. त्या पाणी ओढतात म्हणून पुढच्या घरांत धार येत नाही, हे सगळ्यांना माहीत, बोलत कुणी नाही. मी एकेक प्लग काढत गेलो. पाच मोटरी हातगाडीत. लोक चिडले, पण आवाज चढवला की गप्प. मास्तर, आपला तो आवाज अजून आहे बरं का, रोल कॉलचा. एका दारात तर तीन माणसं आपोआप सरळ उभी राहिली.

शेवटचं घर चढावर. तिथे बाई एकट्या राहतात, शाळेतल्या निवृत्त. मला चौथीत होत्या. त्यांनी दारातूनच सांगितलं, “अरे, माझं घर उंचावर आहे. मोटर काढलीस तर माझ्याकडे थेंब चढत नाही.” मी म्हणालो, “बाई, नियम सगळ्यांना सारखा.” आणि वायर ओढली. नळातनं एकदा हवेचा आवाज आला, खाकरल्यासारखा, आणि मग काही नाही. मागे पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाइलवर घेतलं. छाती फुगली, मास्तर. खोटं का सांगू.

दुपारी वहिनीने जेवायला वाढता वाढता सांगितलं, बाई खालच्या घरातून दोन बादल्या उचलून नेत होत्या, मध्ये दोनदा टेकल्या. पुढे काही बोलली नाही. भाजी मात्र वाढायची विसरली.

आणि मला २००२ चा हिवाळा आठवला, बर्फातल्या पोस्टवरचा. तुला आठवला असेलच एव्हाना.

लातूरकडचं ते पोरगं, पायाची बोटं काळी-निळी पडलेलं. तू रात्री त्याचे पाय कोमट पाण्यात धरून बसलास, पाण्याच्या रजिस्टरला न लावता, आणि सकाळी माझा हिशेब चार लिटरने चुकला. मी तुला पोस्ट कमांडरपुढे उभं केलं. अकरा दिवस आपण बोललो नाही, सात माणसांच्या पोस्टवर, एकाच स्टोव्हशी! आणि बाराव्या दिवशी तू बर्फाचा डबा स्टोव्हवर ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणालास, “मुनीम, तुला पाणी नकोय. तुला रजिस्टर जुळायला हवंय.”

हे बघ, त्या वेळी माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो. नऊ दिवस हवा खराब, चीता हेलिकॉप्टर आलं नव्हतं. रॉकेल जळल्याशिवाय बर्फाचं पाणी होत नाही आणि रॉकेलचे किती डबे उरलेत ते मला माहीत होतं, तुला नव्हतं. तू मला सांगून घेतलं असतंस तर मी दिलं असतं. (दिलं असतं का? आज पहिल्यांदा शंका येतेय.) त्या पोराची बोटं राहिली, हे तुझं खरं. पण तू शुद्धलेखनात चुका काढतोस तसं मला तेव्हापासून तेवीस वर्षं त्या वाक्यावरून टोचत आलास, तेही बरोबर नाही. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर तेच सांगितलंस. वहिनी अजून हसते.

संध्याकाळी मोटर खांद्यावर टाकून बाईंकडे गेलो. अंधारातच गेलो, कुणी बघू नये म्हणून. हेही लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, “ठेव तिथे. मत तुलाच देणार होते. आता विचार करते.” मग चहा दिला. तो कुठल्या बादलीतला, ते कळत होतं. पिऊन टाकला.

येताना वॉलमनच्या घरी थांबलो. कंत्राटी आहे, बिचारा दबून असतो. त्याला विचारलं, चढावर पाणी मोटरीशिवाय चढेल कसं? त्याने जमिनीवर काडीने रेघ ओढली. म्हणाला, “साहेब, खालचा वॉल बंद ठेवून वरचा आधी चाळीस मिनिटं सोडला की चढतंय. मग खालचा सोडायचा.” म्हटलं, मग सोडत का नाहीस? म्हणाला, “खालच्या आळीत वजनदार लोक राहतात. आणि मला कधी कुणी विचारलंच नाही.” बारा वर्षं तो त्या चाव्या फिरवतोय. पैसा लागत नाही, टेंडर लागत नाही, एक चावी आधी आणि एक नंतर. मी लॉगबुकं मागवली, बेरजा केल्या, मोटरी जप्त केल्या. याला विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तर माझी अडचण ही आहे. आज सकाळपासून पोरं त्या व्हिडिओवर खूश आहेत. म्हणतात, साहेब, हवा झाली. बाईंची मोटर परत दिली हे बाहेर आलं तर बाकीचे पाचजण दारात येतील, आणि दिली नाही म्हणालो तर ते खोटं. पण हे निस्तरता येईल. निस्तरत नाही ते दुसरंच. मला त्या खुर्चीत बसायचंय ते चाळीस मिनिटं वरचा वॉल सोडण्यासाठी, की तीन माणसं सरळ उभी राहतात म्हणून? स्वतःला विचारलं की उत्तर बरोबर येतं, पण माझा विश्वास बसत नाही. रजिस्टर मीच लिहायचं आणि मीच तपासायचं, असं झालंय.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही असेल, जेवून घ्या.

अर्ज मागे घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत, २१ तारीख. गुरुवारी ये. मुक्कामी ये. ओसरीवरची माणसं नऊला जातात, मग बसू. कॅन्टीनची एक बाटली ठेवली आहे, बीपीचं वहिनीला मी समजावतो. तू पोस्टवर बोललास तसं बोल, वाढदिवसाला बोललास तसं नको. पहाटे पाणी आलं तर तुला वॉलमनबरोबर नेतो, वरचा आधी सोडून बघू.

सुनबाईंना मुलगी झाली म्हणे, फार आनंद झाला, नाव काय ठेवलं? तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की व्हायचंय? पेढे आणायचे.

आणि या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढून आणू नकोस.

तुझा,
मुनीम